पाटावरचा स्वार

माणसाची निवड ही इतकी जबाबदारीची बाब आहे, की ती त्या माणसाच्या कामावर सोडून चालत नाही. काम काय, आज बरं होईल, उद्या बिघडेल. चेहरा मात्र सहसा तोच राहतो. उरलेल्या जगाला हे तत्त्व फार उशिरा कळलं. पेण तालुक्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, कारण इथे दरवर्षी लाखो गणपती निवडले जातात आणि त्यांतला एकही चालवून पाहिला जात नाही. (तशी मागणी कोण्या गिऱ्हाइकाने केल्याचं ऐकिवात नाही.)

त्यामुळे पंच्याण्णव साली पेणमध्ये व्यावसायिक सायकल शर्यतीचं युग अवतरलं, तेव्हा बाहेरून तज्ज्ञ बोलवावे लागले नाहीत. युग अवतरलं ते केबलमधून. रामवाडीच्या केबलवाल्याने नवीन च्यानेल लावला, त्यावर फ्रान्सातली सायकल शर्यत चालू होती. पेणजवळच्या जोहे गावचे मोठे मूर्ती कारखानदार हैबतराव यांनी ती सलग तीन दुपारी जेवणानंतर पाहिली. स्वारांचे पाय नेमके कसे चालतात ते दिसलं नाही, कारण चित्राला मुंग्या येत होत्या. पण मुख्य ते त्यांना कळलं. तिकडे प्रत्येक स्वार कुठल्या ना कुठल्या संघाचा असतो, संघ त्याला आधी बुक करतो आणि हंगाम संपला की दुसऱ्याला देतो. हैबतराव लोडाला टेकून म्हणाले, "हा तर आपलाच धंदा!"

लगेच 'पेण तालुका व्यावसायिक सायकल संघ' स्थापन झाला. व्यावसायिक अशासाठी, की प्रत्येक स्वाराला रोज दोन अंडी मिळणार होती. पाच जणांची निवड समिती नेमली गेली. साचे, शाडू आणि रंगकाम यांतला समितीचा एकत्रित अनुभव एकशे बारा वर्षांचा होता. सायकलचा अनुभवही अगदीच नव्हता असं नाही. एका सदस्याची सायकल पूर्वी चोरीला गेली होती.

पेणने काही केलं की रोह्याच्या पोटात दुखतं, ही जुनी गोष्ट आहे. तिकडे ट्रकवाल्या जगनशेटने आठ दिवसांत 'रोहा सायकल क्लब' काढला. सव्वीस जानेवारीला पेण ते रोहा अशी शर्यत ठरली, आणि रोह्याशेजारच्या धाटावच्या एका कंपनीने जाहीर केलं, की पहिला येईल त्याला परमनंट नोकरीत घेऊ. परमनंट हा शब्द आमच्या खाडीपट्ट्यात देवाच्या खालोखाल आदराने उच्चारला जातो. (देवाला नवस करावा लागतो, तो मुळात परमनंटसाठीच.)

तो शब्द ऐकल्यापासून जोह्याच्या मिथुनचं जेवणात लक्ष नव्हतं.

मिथुन हा गोदूबाईचा मुलगा. बाप दामू मिठागरात. मिथुन पेणच्या एका बेकरीचे पाव सायकलला पत्र्याची पेटी बांधून नागोठण्यापर्यंत पोचवायचा, आणि तिथे माल उरला की भिसे खिंड चढून रोह्याला. खिंडीत बाकीचे फेरीवाले उतरून सायकल ढकलायचे. मिथुन उतरायचा नाही, कारण उतरलं की पेटी कलंडायची आणि पाव रस्त्यावर. चार वर्षं पाव वाचवता वाचवता त्याला चढ चढायची सवय लागली होती. त्याला नोकरी हवी होती. कंपनीच्या बसला हात दाखवावा, आपल्या शिफ्टचा डबा आपण घेऊन जावा, आणि बापाच्या मिठाने फाटलेल्या पायांना आराम द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण सायकल बेकरीची होती, आणि दोन्ही संघांच्या संयुक्त नियमाप्रमाणे सुट्या स्वाराला शर्यतीत प्रवेश नव्हता. (दोन्ही संघांचं एकमत झालेला हा पहिला नियम. दुसरा पुढे येईल.) तेव्हा निवड होणं भाग होतं.

निवड हैबतरावांच्या कारखान्यात झाली. दिवाळी होऊन गेली होती, गणपतीचा हंगाम लांब होता, कारागीर मोकळे होते. मधोमध एक फिरतं स्टूल ठेवलं होतं, ज्यावर एरवी मूर्ती ठेवून रंगवतात. उमेदवाराने त्यावर बसायचं आणि समितीने त्याला हळूहळू फिरवायचं.

"मी पेटी घेऊन भिसे खिंड चढतंय," मिथुन फिरता फिरता म्हणाला. "खाली न उतरता."

"ता राहू दे," हैबतराव म्हणाले. "हनुवटी जरा वर कर."

गुणांची विभागणी शास्त्रशुद्ध होती. चेहऱ्याच्या प्रसन्नतेला चाळीस, बैठकीला तीस, उंचीला वीस, आणि लांबून कसा दिसतो याला दहा. प्रत्यक्ष सायकल चालवण्याला गुण ठेवले नव्हते, कारण ते तपासायला समितीत कोणी नव्हतं, आणि जे तपासता येत नाही त्याचे गुण देणं हा अन्याय ठरला असता. एकेचाळीस उमेदवारांतून सहा निवडले गेले. त्यांतल्या दोघांना सायकल येत होती. म्हणजे शेकडा तेहतीस. हे प्रमाण आपल्याकडच्या इतर निवडींच्या मानाने फारच वरचं आहे, हे जाणकारांना सांगायला नको.

मिथुनची निवड डोळ्यांवर झाली. नोकरीच्या काळजीने त्याची पापणी लवत नव्हती. "डोले बघा," हैबतराव समितीला म्हणाले. "आखणीचीपन गरज नाय."

आता बुकिंग. आमच्याकडे गणपती बुक करायचा म्हणजे गिऱ्हाईक आपल्या घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून ठेवतं. पाट ठेवला, की त्यावरचा गणपती त्या घरचा. मग मुंबईचा मंत्री आला तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. हैबतरावांनी हीच रीत सायकलला लावली. ज्या स्वाराला घ्यायचं, त्याच्या घरी संघाने सायकलची सीट नेऊन ठेवायची. करारही रीतीप्रमाणेच होते: दीड दिवसाचा, पाच दिवसांचा आणि दहा दिवसांचा. एक सदस्य गौरीबरोबर जाणाऱ्याचंही काहीतरी म्हणत होता, पण त्यासाठी महिला संघ काढावा लागला असता, म्हणून ते मागे पडलं.

मिथुनच्या घरी सीट आली ती वाजतगाजत. गोदूबाईने तिला हळदकुंकू लावून देव्हाऱ्याखाली ठेवली. अख्खी आळी बघून गेली.

"गोदूबाय, तुजे पोराचा झाला गो!" शेजारची मालू म्हणाली.

"सीटच हाय गो अजून," गोदूबाई म्हणाली, पण तिचा पदर सारखा डोळ्याला लागत होता.

ही बातमी रोह्याला पोचायला एक एस.टी. पुरली. जगनशेटने मिथुनला कधी पाहिलं नव्हतं. पण पेणवाल्यांनी ज्याची सीट ठेवली तो चांगलाच असणार, यापेक्षा मोठी चाचणी कोणती? चौथ्या दिवशी त्याची जीप जोह्यात आली, आणि त्यातून फोमची, निळ्या रेक्झिनची सीट उतरली. आता इथे शहरातल्या माणसाने 'आम्ही दिलेलं आहे' म्हणून हात जोडले असते. गोदूबाईचा जन्म मूर्तींच्या गावात गेला होता. दारात पाट घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं, हे तिला कळत होतं. तिने दुसरी सीटही घेतली, कुंकू लावलं, आणि पहिलीशेजारी ठेवली.

मिथुन पाव टाकून घरी आला आणि बघतच राहिला.

"आये, दोन सीटा कनाला घेतल्यास? मना सायकल पायजे."

"अरं, पाट आला म्हंजे देव येतंच नं? सीट आली, आता सायकल येल."

आली ती नोटीस. एकाच मूर्तीवर दोन पाट, असा प्रसंग तालुक्याच्या इतिहासात घडला नव्हता. दोन्ही संघांच्या पदाधिकाऱ्यांची बैठक वडखळला भरली (ना पेण, ना रोहा, आणि तिथली मिसळ चांगली), आणि ठरलं, की वाद मिटेपर्यंत स्वार राखीव समजावा. राखीव मूर्तीला कोणी हात लावत नाही, आणि खरचटलेली मूर्ती कोणी बसवत नाही. सबब मिथुनने कोणत्याही सायकलवर बसू नये. हा एकमताने झालेला दुसरा नियम. बेकरीमालकाला तसं कळवण्यात आलं, आणि पावाची पेटी सायकलसकट दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या हाती गेली.

मिथुन ओसरीवर बसला. ऊन लागू नये म्हणून एका संघाने ताडपत्री बांधली, दुसऱ्याने पंखा पाठवला. अंडी आता दोन्हीकडून येत होती, म्हणजे रोज चार. दर रविवारी दोन्हीकडचा एकेक माणूस येऊन त्याच्या पोटऱ्या चाचपून जाई, आणि दोघांचेही अहवाल 'सुस्थितीत' असेच असत. त्याचं वजन सात किलोने वाढलं. हैबतरावांना त्यात काही गैर वाटलं नाही. बैठक भरदार झाली होती.

त्याचा भाव मात्र रोज वर जात होता. रोह्याने त्याच्या बदल्यात दोन स्वार आणि एक मालिशवाला देऊ केला. पेणने नकार दिला. रोह्याने पाच स्वार, मालिशवाला आणि जगनशेटचा एक ट्रक गणपतीत आठवडाभर, अशी मजल मारली. पेणने तरीही नकार दिला. पनवेलहूनही कोणीतरी सीट घेऊन येऊन गेलं म्हणतात. स्थानिक साप्ताहिकाने त्याचा फोटो छापून खाली लिहिलं, 'एकही शर्यत न हरलेला स्वार'. ते शंभर टक्के खरं होतं. जे सायकल चालवत होते ते अधूनमधून हरत होते, पडत होते, धापा टाकत होते, आणि त्यांचा भाव उतरत होता. मिथुन ओसरीवर बसून निष्कलंक राहिला होता.

एकदाच तो चुकला. पौषातल्या एका दुपारी त्याने मामाची सायकल काढली आणि खारजमिनीच्या बांधावरून हमरापूरच्या फाट्यापर्यंत मारली. मांड्या भरून आल्या, छाती फुलली, आणि कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांनी मिळून त्याला ताकीद दिली. गुन्हा: विनापरवाना पायडल मारणे. मामाची सायकल हवा काढून ठेवण्यात आली. त्या संध्याकाळी मिथुन ताडपत्रीखाली तोंड लपवून रडला. रागाने रडला. आपले पाय आपल्याला वापरता येत नाहीत, आणि कोणाशी भांडावं तर जो तो आपल्या भल्याचंच बोलतोय, अशा माणसाने दुसरं करावं तरी काय?

सव्वीस जानेवारी उजाडली. पेणच्या नाक्यावर ही गर्दी. सकाळी झेंडावंदन झाल्याबरोबर हैबतराव आणि जगनशेट यांनी हात मिळवले, आणि तोडगा जाहीर झाला. मिथुन दोघांचाही. जिल्ह्यातला सर्वांत मोलाचा स्वार असल्याने त्याला रस्त्यावर सोडण्याचा धोका कोणीच पत्करणार नव्हतं. शर्यत त्याच्या शुभहस्ते सुरू होणार होती. त्याच्या गळ्यात हार पडला. हातात हिरवं निशाण आलं. पलीकडे अकरा स्वार सायकली धरून उभे होते.

मिथुनने माइक धरला. त्याला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"मना एकडाव चालवू द्या," तो म्हणाला. "हरलो तर हरलो. मना नोकरी पायजे."

हैबतरावांचं मन खरोखरच भरून आलं. ते लोकशाही मानणारे होते, म्हणून त्यांनी माइक घेतला आणि गर्दीलाच विचारलं, "काय म्हणतां मंडली? आपला हिरा रस्त्याव टाकायचा? पडला, मोडला, मंग?"

"नाय! नाय!" गर्दी ओरडली. त्यात मालू होती, मामा होता, आणि सगळ्यांत मोठा आवाज गोदूबाईचा होता. मायेने माणूस किती जोरात ओरडू शकतो ते त्या दिवशी पेणला समजलं.

मिथुनने निशाण खाली केलं. अकरा सायकली त्याच्या अंगावर धूळ उडवून वडखळच्या दिशेने गेल्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याला खुर्ची देण्यात आली.

परतताना एस.टी.त तो खिडकीशी बसला होता. मांडीवर शाल आणि नारळ.

"आये," तो म्हणाला, "मी चढलो असतो ना गो खिंड?"

"चढला असतास की! म्हनून तं सगल्यांनी जपला तुला."

पुढे हंगाम संपल्यावर दोन्ही संघांनी आपापली सीट परत नेली. बेकरीत जागा भरली होती, आणि मिथुन बापाबरोबर मिठागरात जाऊ लागला. सात किलो तिथे पंधरवड्यात उतरले.

इथवर आल्यावर सहृदय वाचकांचा जीव हळहळला असेल. ही हळहळ आम्ही हैबतरावांपर्यंत पोचवली. त्यांना आनंद झाला. ते म्हणाले, आपला माणूस बरोबर निवडला गेला होता, याला याहून मोठा पुरावा नाही.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि तेवढ्यासाठीच ते वाचकांना समितीवर घ्यायला तयार आहेत. शर्यत त्या दिवशी खरोखर झाली. अकरांपैकी एक जण खाली न उतरता भिसे खिंड चढला, रोह्यात पहिला आला, आणि कंपनीने शब्द पाळून त्याला परमनंट केला. तो कोण, कुठला, हे आपण आत्तापर्यंत एकदाही विचारलं नाहीत. आणि आता विचारायला तोंड उघडलंत, तर हैबतराव पैजेवर सांगतात, पहिला प्रश्न हाच येणार: दिसायला कसा आहे?