न आलेल्यांची चौकशी

शहागंजातला टरबूजवाला म्हणाला, "बाई, सब बोलते मीठा है," की सोळंकेबाई विचारायच्या, "जिनको फीका निकला, वो वापस आए क्या?" टरबूजवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. आम्ही टरबुजाविना परत.

बाई आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. दुधावर, भिंतीवरच्या घड्याळावर, माझ्या सर्दीवरही त्यांचा विश्वास नव्हता. "शिंकता खरे, जाधव, पण सोमवारीच का?"

चिकलठाण्याकडं कारखाने उभे राहत होते, तशी औषध कंपन्यांची माणसं कॉलेजात वाढली. एकानं दम्याच्या नव्या गोळीवरचे छापील शोधनिबंध आणून दिले. सगळ्यांत गुणच गुण. बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले. "ह्यांनी लग्नाचे फोटो आणलेत. भांडणाचे कुठं आहेत?"

मग आम्ही ग्रंथालयात ठाण मांडलं. जगभरच्या वैद्यकीय मासिकांच्या सूचीचे जाडजूड खंड उपसायचे, त्या गोळीवर कुणी काय लिहिलंय ते हुडकायचं, मुंबई-दिल्लीहून प्रती मागवायच्या. बाजूचं आणि विरोधातलं सगळं एकत्र तोलल्याशिवाय बाई ती गोळी वापरायला हो म्हणणार नव्हत्या. वॉर्डातले डॉक्टर वैतागले. "पेशंट धापा टाकतायत, आणि ह्या रद्दी गोळा करतायत!"

आमच्या दवाखान्यातही काहींना ती गोळी चाचणीपुरती दिली होती. त्यातली वेरूळकडची गंगूबाई, मेंढरं राखणारी म्हातारी, मध्येच यायची थांबली. तिला हिशेबातून वगळलेलं पाहून बाईंचा आवाज चढला. "थांबली म्हणजे? मेली का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटलेला, एसटी बंद. गाड्या सुरू झाल्या तशा बाईंनी मला ओढतच नेलं.

वस्तीवर गंगूबाई मेंढरांमागं ओरडत होती, खणखणीत.

"आजी, दवाखान्यात यायचं का थांबवलंत?" मी विचारलं.

"बरं वाटलं की! मग कशाला येऊ?"

मी खुश. बाईंचे डोळे मात्र बारीक झाले. "गोळीनंच बरं वाटलं का?"

"काय ठावं, माय. गोळी बी खाल्ली, नवस बी बोलले, अन् भांडकुदळ सून बी तवाच माहेरी गेली."

बाई खो खो हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "जाधव, लिहा. जिवंत आहे. कशानं, ते माहीत नाही."

(पुढं त्या गोळीला बाईंनी होकार दिला, तोही "काहींना, थोडा उपयोग" एवढाच. कंपनीचा माणूस पुन्हा फिरकला नाही.)

गंगूबाई सोळंकेबाईंकडं टक लावून बघत होती. "एका म्हातारीपायी इतक्या लांब आलीस व्हय? अन् तू कुठं गेली नाय, तर तुला हुडकीत कोण येतं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लांब मेंढरांकडं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

गंगूबाईनं चुलीवर तवा टाकला. "मग आजच्या दिस ऱ्हा हितंच."

"एसटी चुकेल," बाई म्हणाल्या, आणि चपला काढून चुलीजवळ मांडी घालून बसल्या.