द्वारकाबाईंची गांडुळं

एका जंगलात, बाळांनो, असा पाऊस लागला की बेडकांनीसुद्धा आता पुरे म्हटलं. त्या जंगलात सखल जागी द्वारकाबाई नावाची एक सशीण राहायची. तिचं बीळ पहिल्या सरीलाच ओलं व्हायचं.

पाऊस वाढला तशी जमिनीत पाणी भरलं आणि खालची मंडळी वर आली. भिंतीतून गांडुळं निघाली. गोगलगाई चुलीपाशी चढल्या. एक गोम तर द्वारकाबाईंच्या उशाशी अशी निवांत पडली होती, जणू माहेरपणाला आली होती.

नेमका त्याच संध्याकाळी टेकडीवरून निरोप आला. राणूबाई ससे आपल्या शुभ्रकांताला घेऊन उजाडताच मुलगी पाहायला येणार होत्या.

द्वारकाबाईंची लेक कापशी. द्वारकाबाईंचा जन्म पाणी उपसण्यात गेला होता. आपली पोर तरी कोरड्या घरात नांदावी, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते अगदी मनापासून होतं. टेकडीवर सगळी दगडी बिळं. तिथे थेंब शिरत नाही, किडा तर नाहीच.

त्यांनी केरसुणी उचलली आणि हात थबकला. तिन्हीसांज झाली होती. तिन्हीसांजेला केर बाहेर काढला तर लक्ष्मी निघून जाते, हे सशांच्या पिलालाही ठाऊक असतं.

पण द्वारकाबाई मुलीची आई होत्या. त्यांनी शास्त्रातून वाट काढली. शेजारच्या सोनूबाईंच्या आणि त्यांच्या बिळामध्ये एक भोक होतं, विरजण मागायचं. केर बाहेर काढायचा नसतो. शेजारी लोटलेला केर बाहेर कुठे जातो?

"आई, सोनूमावशीकडे जातील गं ती सगळी," कापशी म्हणाली.

"जाऊ देत. शेजाऱ्यांमध्ये देणंघेणं असावं."

सगळी वरात भोकातून पलीकडे गेली. द्वारकाबाईंनी बीळ सारवलं आणि समाधानाने झोपल्या.

सकाळी पाहुणे आले. कोवळ्या कोंबांचे पोहे झाले. शुभ्रकांत मान खाली घालून खात होता. राणूबाई मात्र प्रत्येक कोपऱ्यात डोकावत होत्या. हीच वेळ, असं द्वारकाबाईंना वाटलं.

"निर्धास्त बघा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे किडामुंगी औषधालाही सापडायची नाही."

राणूबाईंनी बशी खाली ठेवली. "एकही गांडूळ नाही?"

मग हळूहळू उलगडा झाला. टेकडीवर एक गिधाडबाबा आले होते. ज्या घरात गांडूळ, त्या घरात चैतन्य, असं त्यांचं प्रवचन झालं होतं. तेव्हापासून टेकडीवरचे प्रतिष्ठित ससे मडक्यात गांडुळं पाळत. राणूबाईंचं मडकं रिकामं होतं. दगडात गांडूळ येणार कुठून? म्हणून तर त्या सखल भागातली सून शोधत होत्या.

"आमची काही मागणी नाही हो," त्या म्हणाल्या, "पण मुलीबरोबर आपणहून चार जीव आले असते तर बरं दिसलं असतं."

काल संध्याकाळपर्यंत घर गांडुळांनी भरलेलं होतं, असं द्वारकाबाईंनी परोपरीने सांगितलं. राणूबाईंनी समजुतीने मान हलवली. कालपर्यंत सगळ्यांकडेच सगळं असतं, त्या म्हणाल्या.

इतक्यात भोकापलीकडून सोनूबाईंचा आवाज आला. भल्या पहाटेपासून त्या गांडुळांच्या नावाने खडे फोडत होत्या. राणूबाईंचे कान ताठ झाले. त्यांनी भोकातून पाहिलं आणि हात जोडले.

सोनूबाई हुशार. हात जोडलेले पाहिल्यावर त्यांनी हातातली केरसुणी पाठीमागे लपवली.

"पिढीजात आहेत आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "या ना, आमची लेक तांबडीपण घरातच आहे."

दुपारच्या आत तांबडीची सुपारी फुटली.

द्वारकाबाई भोकाशी तोंड नेऊन भांडल्या. ती गांडुळं माझी आहेत, असं त्यांनी सगळ्या जंगलाला ऐकवलं. सोनूबाई मुळीच चिडल्या नाहीत.

"तुमची असतील तर नावाने हाक मारा," त्या म्हणाल्या. "येईल ते घेऊन जा."

द्वारकाबाईंनी खरंच हाक मारली. एकही वळलं नाही.

त्या खूप रडल्या. कापशीला शुभ्रकांत फारसा आवडला नव्हता, त्यामुळे ती उरलेले पोहे खात बसली.

संध्याकाळी पुन्हा पाऊस आला. भोकातून एक मरतुकडं गांडूळ सरपटत अलीकडे आलं. द्वारकाबाईंनी डोळे पुसले, पाट मांडला, त्यावर त्याला बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं.

तात्पर्य: तिन्हीसांजेला केर काढला की लक्ष्मी जाते, हे खरं आहे, फक्त ती लांब जात नाही, शेजारी जाते. तेव्हा बाळांनो, घरातल्या घाणीला घाण म्हणण्याची घाई करू नये. आधी टेकडीवर चौकशी करावी.