काकूंचा टाळ, काकांच्या रेघा

आमच्या हुडकेश्वरच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, धकाते काका दूधवाल्याला हाफ डे लावतात. सहाच्या ठोक्याला कॅन फाटकाशी दिसला नाही, की कॅलेंडरवर ‘लेट’ लिहितात, आणि तीन लेटचा एक हाफ डे धरून त्याला उभं करून समज देतात. काका बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत हजेरीच्या घड्याळापाशी नोकरीला होते. उभा जन्म दुसऱ्यांचा उशीर मोजण्यात गेला, तो निवृत्तीनंतर एकदम कसा थांबणार?

त्यांच्या मुलाच्या लग्नात वरात नाचत-नाचत वीस मिनिटं उशिरा मांडवात पोचली. तोवर पुढे येऊन बसलेल्या काकांनी ठरल्या मिनिटाला रिकाम्या पाटावर अक्षता टाकून घेतल्या होत्या. विचारलं तर म्हणाले, “मुहूर्त थांबत नाही गा. नवरदेव काय, येत राहते.”

आमच्या भजनी मंडळात काका ढोलक वाजवतात, मी मागच्या रांगेत तोंड हलवतो आणि शकूकाकू, म्हणजे काकांच्या सौभाग्यवती, टाळ धरतात. मंडळ निघालं तेव्हापासून टाळ त्यांचाच. दोन वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला. धंतोलीच्या दवाखान्यात महिना काढून परत आल्या त्या टाळ मागतच आल्या, पण आता उजवा हात उचलायला वेळ लागायचा. ढोलकची थाप पडली, की मागून सावकाश टाळ यायचा. काका भर भजनात सांगायचे, शकू, मागं पडून राहिली. काकू तितक्याच ठसक्यात सांगायच्या, मी बरोबर आहे, तुमीच धावून राहिले. ऐकणाऱ्यांना भजनाइतकाच हाही कार्यक्रम आवडे.

यंदा ले-आउटमध्ये मारुतीचं देऊळ झालं आणि रोज सकाळी भोंग्यावर आपल्याच मंडळाचं भजन लावायचं ठरलं. रेकॉर्डिंगसाठी काकांच्या मुलाने हैदराबादहून जुना लॅपटॉप पाठवला आणि फोनवरून शिकवणी घेतली. काकांच्या हॉलला खिडकीशी गाद्या लावून स्टुडिओचं रूप आलं. एकेकाला ठरल्या वेळी बोलावून काका कानाला हेडफोन लावत. त्यात नुसती टकटक वाजे आणि तिच्याबरहुकूम गायचं. पेटीवाले पराते दोन मिनिटं उशिरा आले, तर त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

खरी करामत पुढेच होती. पडद्यावर उभ्या रेघा दिसत, प्रत्येक रेघ म्हणजे एक ठोका. रेघेपासून केसभर सरकलेली प्रत्येक थाप, प्रत्येक सूर काका माऊसने पकडून आणत आणि लायनीत उभा करत. गिरणीतले कामगार त्यांना इतके कधी वठणीवर आणता आले नव्हते.

रेकॉर्ड झालेला काकूंचा टाळ तेवढा मिसळायचा बाकी असताना काकांनी ते भजन आम्हाला ऐकवलं. एक ठोका इकडचा तिकडे नव्हता. पण आम्ही अकराजणांनी एका खाटेवर बसून एकाच क्षणी शिंकावं, तसं ते वाटत होतं. सोबत म्हणून पाहिलं, तर श्वास घ्यायला कुठे जागाच सापडेना. पराते दबक्या आवाजात म्हणाले, ही पेटी माझीच ना? ऐकून मला उगाच उदास वाटलं.

सचिव निखारेंना मात्र ते फार आवडलं. जाताना त्यांनी काकांना बाजूला घेऊन सुचवलं की, यात वहिनींचा टाळ बसायचा नाही, तेव्हा तो वगळलेलाच बरा. काकांनी मान हलवली. “लेट ते लेट,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकू मला आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून विचारू लागल्या, माझा टाळ घेतला ना गा त्यात? मी आपलं, काम चालू आहे, म्हणून वेळ मारून नेई. आठ दिवस काका हॉलबाहेर आले नाहीत. दुधाचे लेटही कोणी लिहिले नाहीत. शेवटी माझं डोकं फिरलं आणि एका दुपारी मी त्यांच्याशी भांडायला गेलो.

काका पडद्याला नाक लावून बसले होते. पाहतो तर एकही थाप रेघेवर नाही, सगळ्या आपापली रेघ सोडून मागेपुढे उभ्या. मी म्हटलं, हे काय केलंत?

“पहिले तिचाच टाळ लायनीत आणला होता गा,” काका म्हणाले. “ऐकलं तं तिचा हातच वाटेना. कोणाचाही टाळ वाटे. मंग तिले तिथंच ठेवलं आन् तुमा सगळ्यायले तिच्यापाशी आणून राहिलो.”

काकूंचा हात कधी थोडा मागे पडायचा, कधी जास्त. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला अकराजणांना वेगवेगळं सरकवावं लागत होतं. मी भांडण विसरलो आणि चहा करायला आत गेलो.

देवळात ते भजन पहिल्यांदा लागलं, तेव्हा म्हातारीकोतारी माणसंही सोबत म्हणू लागली. त्यांना दम घ्यायला जागा मिळत होती. निखारे बोटांवर ताल मोजत गोंधळले आणि तोंड उघडणार, एवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

काकूंनी खुर्चीत बसून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग साऱ्या मंडळादेखत काकांकडे वळल्या.

“दोन वर्षांपासून सांगून राहिली का नाही मी? माझा हात बरोबर आहे, तुमीच धावता म्हणून. आता तं मशीननंच दाखवलं.”

आम्ही सगळे काकांकडे पाहू लागलो. आपलं घड्याळ चुकलं, असं या माणसाने जन्मात कधी कबूल केलं नव्हतं.

“हाव,” काका म्हणाले. “तू बरोबर होती. आमीच घाई करून राहिलो होतो.”