सरोजचं बाळंतपण

कर्णिकबाईंच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता: ‘घंटी न बजाएँ, घर में जच्चा है.’

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टची एक फेरी पुरते. वरच्या मजल्यावरच्या भाटियाआंटी बाळंतिणीसाठी तूप निथळणारी पंजिरी घेऊन हजर झाल्या. बाईंनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, “जच्चा मीठा नहीं खाती. मैं खा लूँगी.”

जच्चा म्हणजे सरोज, बाईंची पांढरीशुभ्र सशाची मादी.

कर्णिकबाई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सरकारी खात्यात सेक्शन ऑफिसर होत्या. त्या रिटायर झाल्या, पण त्यांच्यातलं खातं अजून चालू आहे. नर सशाचं नाव मिश्राजी, त्यांच्या जुन्या साहेबांवरून. “दिवसभर बसून खातो आणि कुणी जवळ गेलं की पाय आपटतो. दुसरं काय नाव ठेवणार?”

सरोज व्यायला झाली तशी मिश्राजींची बाथरूममध्ये बदली झाली. कारण बाईंनी अख्ख्या जिन्याला ऐकवलं, “बायको बाळंत होते त्याच दिवशी पुन्हा तयार असतो मेला! बिल्कुल नाही!” तेव्हापासून बाई आंघोळीला आमच्याकडे येऊ लागल्या. ऐन जूनमध्ये एसी सरोजच्या खोलीत आणि बाई हॉलमध्ये पंख्याखाली, डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून.

पिल्लू हवं असेल तर मुलाखत द्यावी लागते. आमच्या गल्लीत राहून यूपीएससीची तयारी करणारा लातूरचा एकजण मोठ्या हौसेने आला.

“सिलेक्शन झालं आणि नागालँडला टाकलं, तर ससा कुठे जाणार?” बाईंनी विचारलं.

“मॅडम, अजून प्रिलिम्स पण निघाली नाही.”

“म्हणजे प्लॅनिंग नाही. फाइल परत!”

बिचारा आमच्याकडे चहा पिऊन गेला. मुलाखत आयोगापेक्षा कडक होती म्हणाला.

पिल्लं झाल्यानंतरच्या रविवारी मी कोथिंबिरीच्या काड्या द्यायला गेलो, तेव्हा बाईंची मुलगी मुग्धा आली होती. ती गाझियाबादला असते. येते ती फोन करून, आणि बसते सोफ्याच्या कडेवर, आत्ता उठेल अशी. सरोज खोलीच्या एका कोपऱ्यात पाय पसरून पडली होती आणि पिल्लांचं खोकं दुसऱ्या कोपऱ्यात.

“ही पिल्लांकडे फिरकतच नाहीये,” मुग्धा म्हणाली.

“पहाटे एकदा जाते. पाजून येते.”

“आणि बाकी दिवसभर?”

“लांब बसते.”

“वा! अगदी तुझ्यासारखी.”

मी पंख्याकडे बघायला लागलो. आता ‘फाइल परत’ ऐकू येणार, याची खात्री होती. पण बाई खोक्याकडे वळल्या. त्यांनी खोक्यातून एक पिल्लू काढलं आणि मुग्धाच्या तळहातावर ठेवलं. डोळे मिटलेलं, गुलाबी, अंगठ्याएवढं.

“पोटाला हात लाव.”

मुग्धाने बोट लावलं.

“भरलंय?”

“हो. तट्ट आहे.”

“रानात आई पिल्लांजवळ बसून राहिली, तर तिच्या वासावर कोल्हा येतो. म्हणून ती लांब बसते.” बाईंनी खोक्यातली मऊ पांढरी गादी दाखवली. “हे सगळे केस तिने स्वतःच्या छातीचे उपटलेत. थंडी वाजू नये म्हणून.”

बाई सशाबद्दलच बोलत होत्या. आवाज मात्र सेक्शन ऑफिसरचा नव्हता.

मुग्धा खाली मान घालून पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आई, भात आहे?”

“सकाळचा आहे. थांब, ताजा लावते.”

बाई घाईने आत गेल्या. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. ना नळ, ना कुकर.

मुग्धाने ते पिल्लू अलगद माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली.