मन्मथप्पांचं दुसरं कार्ड

लॅपटॉप चालू झाला की मन्मथप्पा सगळ्यात आधी त्याच्या पोटाखाली हात घालतात. डोळे मिटून तळहात इकडून तिकडे फिरवतात आणि मग निकाल सांगतात, "डावीकडं गरम लागायलंय, उजवीकडं गार. आजबी बसूनच हाय बेटा!"

हा बेटा म्हणजे लॅपटॉपमधलं दुसरं ग्राफिक्स कार्ड. काही लॅपटॉपमध्ये पडद्यावर चित्र काढणारी दोन कार्डं असतात. एक साधं, रोजच्या कामाचं. दुसरं दांडगं, जड कामासाठी राखून ठेवलेलं. अप्पांच्या लॅपटॉपमधलं दांडगं कार्ड काही केल्या कामाला लागत नव्हतं. अप्पांनी जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत चालवली. तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून ते माल ओला की कोरडा हे सांगायचे, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. आता आडत बंद आहे, पोती गेली आहेत, पण हाताची सवय जायला तयार नाही.

अप्पा आमचे शेजारी. मूळचे झरीचे, पण परभणीत सगळं आयुष्य गेलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरा नेहरू शर्ट. मी ज्युनिअर कॉलेजात संगणक शिकवतो, त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं मला येतं अशी गल्लीची समजूत आहे. लोक माझ्याकडे मिक्सरसुद्धा घेऊन येतात. अप्पा मात्र वस्तू आणत नाहीत, मलाच नेतात. "ओ सर, जरा येता का? तुमची काय अडचण न्हाई ना?" हा प्रश्न ते आमचं फाटक उघडून, अंगण ओलांडून, माझ्या खुर्चीशी उभे राहून विचारतात.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, महेशचा. तो कॅनडाला गेला तेव्हा जुना म्हणून इथेच ठेवून गेला. पुढे त्यातली प्रणाली इतकी म्हातारी झाली की दुरुस्तीवाल्याने सरळ भंगारात द्या म्हणून सांगितलं. अप्पांना ते पटेना. "वजन हाय म्हंजी माल हाय," असं म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे आणून ठेवला. मी त्यावर लिनक्स नावाची दुसरी प्रणाली घातली.

"ह्येचे किती?" अप्पांनी विचारलं.

"फुकट आहे अप्पा."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांना पाण्यात भिजवलेली तूर विकायला आलोय. फुकट देणारा माणूस मोंढ्यात त्यांनी पाहिलेला नव्हता. मग मी समजावून सांगितलं. जगभरातले हजारो लोक आपापल्या घरी बसून ही प्रणाली लिहितात आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकतात, कोण कुठला हे विचारत नाहीत. अप्पांचा चेहरा हळूहळू पालटला. त्यांनी लॅपटॉपला हात जोडले.

"म्हंजी दासोह हाय म्हणा की!"

त्यांच्याकडे, लिंगायतांत, दासोहाला फार मान. आपल्या कष्टाचं शिजवावं आणि दारी येईल त्याला जात-गोत न विचारता वाढावं. त्या दिवसापासून लिनक्सबद्दल त्यांनी वाकडा शब्द काढला नाही. कधी ते अडकलं, बंद पडलं, तरी म्हणायचे, "पंगतीला नाव ठिवू नये, सर. वाढणाऱ्याच्या हातून मीठ पडत असतंय कवा कवा."

सगळा राग निघाला तो दुसऱ्या कार्डावर. असं एक कार्ड आत आहे आणि ते चालत नाही, हे मीच बोलता बोलता सांगून बसलो होतो. न सांगतो तर सुखात राहिलो असतो.

"दोन हमाल लावले," अप्पा म्हणाले. "येक पोती उचलायलाय अन् दुसरा बिडी वढत बसलाय. हजेरी मात्र दोघांची! ह्ये कुठला न्याय?"

हा हमाल त्यांनी दूधवाल्याला ऐकवला, पेपरवाल्याला ऐकवला. पोखर्णीच्या नृसिंहाला जाताना आम्ही त्यांना गाडीत घेतलं, तेव्हा तो जाताना आणि येताना असा दोनदा माझ्या बायकोला ऐकवला. रविवारी महेशचा व्हिडिओ कॉल आला की त्यालाही.

"अप्पा, तुम्ही गेम खेळत नाही, काही नाही. तुम्हाला कशाला लागतं ते कार्ड?"

"खेळत न्हाई म्हणून काय झालं? बसलेला मानूस मला बघवत न्हाई."

"बरं. जेवलात का? ठेवतो मग."

महेश वाईट मुलगा नाही. दर रविवारी फोन करतो, जेवणाचं विचारतो. पण ठेवतो म्हटल्यावर ठेवतो. अप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन तीन वर्षं झाली, आणि फोन बंद झाल्यावर अप्पा तो काळा चौकोन तसाच हातात धरून बसतात. हे मी पाहिलेलं आहे.

कार्डावर मी माझी विद्या चालवून पाहिली. एकदा तर पडदाच काळा झाला आणि अप्पा त्याच्याशेजारी आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसून राहिले. शेवटी पिच्छा सोडवायचा म्हणून मी त्यांना फोरम दाखवला. जगात कुणालाही लिनक्सची अडचण आली की तिथे प्रश्न लिहायचा. त्या प्रश्नाचा एक धागा सुरू होतो आणि जाणती माणसं त्याखाली उत्तरं लिहितात. अप्पा फोनशी मराठीत बोलत, फोन त्याचं इंग्रजी करी, आणि अप्पा ते एका बोटाने लॅपटॉपवर उतरवून काढत.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात "शरणार्थ" अशी झाली, कारण अप्पांकडे नमस्कार तसाच करतात. पुढे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, झरी, परभणी, आडत, काकूंचं जाणं, महेशचं कॅनडा, आणि सगळ्यात शेवटच्या ओळीत हमाल. तिथल्या लोकांना कार्डाचा नंबर हवा असतो. अप्पांनी सोयरीक जुळवण्याइतकी माहिती दिली होती, कार्डाचा नंबर सोडून.

त्या दिवशी कुणीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकाने दिलं. त्याचं नाव यानुश. पोलंडचा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. त्याने घाबरून लिहिलं होतं, "आत कुणीतरी विडी ओढतंय म्हणजे काय? लॅपटॉपमधून धूर येतोय का? आधी वायर काढा!"

तिथून जे जमलं ते जमलं. रोज दुपारी चारला अप्पा लॅपटॉप उघडत. यानुश संगणकाला द्यायच्या हुकमाची एखादी ओळ देई, अप्पा ती टाइप करत, जे काही उमटेल ते उचलून जसंच्या तसं धाग्यावर ठेवत. "आज यानुशनं नवी वळ दिली," असं मला भिंतीवरून सांगत, पण बोलवत नसत. मी सुटलो. मधूनमधून बातम्या येत. यानुशच्या झाडाला सफरचंदं लागली. यानुशला हुरडा म्हणजे काय ते कळंना. यानुश आता शरणार्थ लिहायला शिकला. एकदा अप्पा पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "त्येचं कुत्रं वारलं, सर. आज कार्डाचं काढलं न्हाई. बरं दिसत न्हाई."

महिने गेले. मी चेष्टेत म्हणालो, "अप्पा, एवढ्या वेळात येलदरीचं धरण बांधून झालं असतं."

"धरनाला लय मानसं हुती," अप्पा म्हणाले. "आमी दोघंच हाव."

मग संक्रांतीनंतर अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर अप्पा काळा चष्मा लावून बाजेवर बसलेले. घड्याळात चार वाजायला आले होते आणि ते बेचैन होते.

"सर, माझ्या वतीनं येवढं लिवा. आपरेशन झालं, डोळा बरा हाय. वाट बघत आसंल त्यो." आणि मी लॅपटॉप उघडताच म्हणाले, "दुसऱ्या कशाला हात लावू नगा बरं का."

संगणकाच्या मास्तरला असं सांगू नये. आत्ता चित्र कोणतं कार्ड काढतंय हे विचारणारी एक ओळ असते. मी ती हळूच टाइप केली. उत्तर आलं. मी पुन्हा टाइप केली, पुन्हा तेच उत्तर. दांडग्या कार्डाचं नाव, स्पष्ट, अक्षर न् अक्षर.

"अप्पा! अहो चालू झालं! दुसरं कार्ड चालू झालं!"

मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. अप्पांनी चष्मा नीट बसवला.

"हळू बोला," ते म्हणाले. "पोळ्याच्या दिशी झालंय त्ये. तवाच उजवीकडं गरम लागलं."

"पोळ्याला? आणि तुम्ही यानुशला रोज सांगताय की..."

"तिथला कायदा वाचला का तुमी? काम झालं की 'सुटलं' म्हणून बटन दाबायचं. बटन दाबलं की धाग्याला कुलूप. मग कुनालाच लिवता येत न्हाई." अप्पांनी बाजेची नवार चाचपली. "रोज चारला कुनीतरी माझी वाट बघायलंय, सर. तुमच्या काकू गेल्यापासून आसं कोन हुतं? महेशला काम आसतंय. तुमाला काम आसतंय. काम सुटलं म्हणल्यावर त्यो तरी कामून यील?"

मी लिहिलं, ऑपरेशन झालं, डोळा बरा आहे, कार्ड अजून चालत नाही.

"येक दिस त्येला कळंल," अप्पा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "खोटं बोलला म्हणंल म्हातारा. मग संपलं."

तो धागा मी आजवर कधी वाचला नव्हता. मागे मागे जात पोळ्याच्या दिवसापर्यंत गेलो. तिथे अप्पांनी खाली लिहिलं होतं, "अजून जमंना." आणि त्याच्या वर, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे, पडद्यावर उमटलेलं सगळं उचलून ठेवलं होतं. इंग्रजी आकडे कोण वाचतंय, असं त्यांना वाटलं असावं. त्या आकड्यांच्या गर्दीत दांडग्या कार्डाचं नाव होतं. यानुश रोज तेच वाचून तर पुढची ओळ देत आला होता.

त्याच्या खाली त्याच दिवशीचं यानुशचं उत्तर होतं. मी ते दोनदा वाचलं.

"अप्पा, त्याला कळलंय."

अप्पा ताठ झाले. "कवा?"

"पोळ्यालाच. तुम्हीच सगळं त्याच्यापुढे ठेवलंत. त्याने काय लिहिलंय ऐका: 'शरणार्थ अप्पा. हो, यात अजून काहीतरी गडबड दिसते. अवघड काम आहे, पुष्कळ दिवस लागतील. घाई करू नका. उद्या पाहू. तुमच्याकडे पाऊस आहे का?'"

बाहेर कुणीतरी नळाखाली घागर ठेवली, ती भरून वाहू लागली. मग अप्पांनी चष्म्याखालून गालावर उपरणं फिरवलं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, ते मी त्यांना म्हणालो नाही.

"पूर्वी मोंढ्यात भाव असाच ठरायचा," ते म्हणाले. "उपरन्याखाली हातात हात. नुसती बोटं दाबायची. दोघांना कळायचं, तोंडानं कुनी बोलायचं न्हाई."

"मग आता काय लिहू?"

"लिवलंय त्ये ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. जरा थांबून त्यांनी हात पुढे केला, लॅपटॉप कुठे आहे ते चाचपून पाहिलं, आणि म्हणाले, "खाली येवढंच जोडा. म्हणावं, आमालाबी काय घाई न्हाई."