सासरेबुवांची फेरी

माणसाचं वाटोळं व्हायचं असलं की आधी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर येतो. आमच्या हेडक्लार्कांनी तर तो पदरचे पैसे मोडून आणला होता, चांगला चकचकीत, पिवळ्या मुठीचा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या ते बायकोला एवढंच म्हणाले, "गाडीच्या कार्बोरेटरखालचा एक स्क्रू जरा आवळून घेतो. पेट्रोल ठिबकतंय."

"ठिबकू दे," बायको म्हणाली. "रविवार होऊन जाऊ दे आधी, मग काय ते आवळा."

रविवारचं प्रकरण असं होतं. सासरेबुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दारात दिसतंय ते माणूस आहे की पडदा, हेही त्यांना विचारावं लागे. पण ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना सर्दी व्हायची, नाहीतर डॉक्टरचा स्वभाव आवडायचा नाही. डॉक्टरांनी शेवटचं बजावलं होतं की आता टाळलंत तर नंतर हातात काही राहणार नाही. तेव्हा म्हातारबुवा एका अटीवर तयार झाले. सोमवारी मुकाट्याने टेबलावर झोपतो, पण रविवारी मला माझ्या गाडीवरून एक फेरी मारून आणा. गाडी बंद असेल तर ऑपरेशनही बंद. (अट घालताना गाडी बंदच असणार अशी त्यांना मनातून आशा होती. जावयावर त्यांचा तेवढा विश्वास होता.)

गाडी म्हणजे एक जुनी जपानी मोटरसायकल. सासरेबुवांनी ती तरुणपणी घेतली, पोटच्या पोरीसारखी सांभाळली आणि डोळे अधू झाल्यावर पोटच्या पोरीच्याच स्वाधीन केली. बायको ती चालवायचीही झकास. हेडक्लार्क मागे बसत आणि ऑफिसात 'आमची गाडी' म्हणून सांगत.

आता जपानी स्क्रूची एक खोड आहे. दिसायला तो आपल्या नेहमीच्या प्लस स्क्रूसारखाच दिसतो, पण त्याची खाच निराळी असते. त्याला त्याचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. दुसरा लावून जोर केला, की तो खाचेतून वर सरकतो आणि जाता जाता खाच तासून नेतो. गाडीबरोबर आलेला खरा स्क्रूड्रायव्हर घरात होता, पण रंगाचे डबे उघडून उघडून हेडक्लार्कांनी त्याचं टोक केव्हाच वाकवून ठेवलं होतं.

पहिल्याच पिळाला स्क्रूचं डोकं गुळगुळीत झालं. इतकं गुळगुळीत, की खुद्द हेडक्लार्कांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. इथे शहाणा माणूस थांबला असता. हेडक्लार्कांनी छिन्नी आणली. छिन्नीवर हातोडी मारली, आणि तिसऱ्या घावाला स्क्रू होता तिथेच राहिला, पण तो ज्यात बसवला होता तो कार्बोरेटरच्या वाटीचा कान तुटून त्यांच्या चपलेवर पडला.

"झालं का आवळून?" आतून आवाज आला.

"होत आलंय!" हेडक्लार्क म्हणाले. (हे मात्र खरं होतं. सगळंच होत आलं होतं.)

रात्री ते बायकोकडे पाठ करून झोपले. सकाळी ती बाजारात गेल्याबरोबर त्यांनी कार्बोरेटर गाडीवरून उतरवला, अडकून राहिलेला स्क्रू पकडीने उपटला, सगळं साबणाने धुतलं, तुटलेला कान दोन ट्यूबांतला डिंक कालवून चिकटवला आणि वाटी परत बसवली. डिंकाच्या खोक्यावर लिहिलं होतं, सुकायला एक दिवस लागेल, ऊब दिल्यास लवकर. घरात ऊब देणारी एकच वस्तू होती. त्यांनी कार्बोरेटर केकच्या ट्रेमध्ये ठेवला आणि अगदी मंद आचेवर ओव्हन लावला.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. एक फाइल सापडत नव्हती. कपाट, खण, गठ्ठा, रंग असं सगळं सांगून झाल्यावर फाइल साहेबांच्या हाताखालीच सापडली. तोवर घरभर एक वास पसरला होता, आणि ओव्हनसमोर बाजाराच्या पिशव्या घेऊन बायको उभी होती.

"हे काय आहे?"

"कार्बोरेटर."

"ते कळलं. आतून हे पापडासारखं काय बाहेर आलंय?"

हेडक्लार्कांनी वाकून पाहिलं. कान उत्तम चिकटला होता. पण वाटीच्या आत फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारी प्लास्टिकची डबी. किती पेट्रोल आत घ्यायचं ते तीच ठरवते. ती काढून ठेवायची राहिली होती.

"फ्लोट आहे," ते म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "होता."

मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "मिळेल ना साहेब, न मिळायला काय झालं! मागवावा लागेल. महिनाभर धरून चला." ओळखीत कुणाकडे तसली गाडी आहे का? "होती एकांकडे. मागच्याच वर्षी विकली त्यांनी."

हेडक्लार्क जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं. एक म्हातारा माणूस कायमचा आंधळा होणार, आणि का, तर आपल्याला एक स्क्रू आवळायची हौस आली! बायको भांडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबांना निमित्तच हवं होतं हो. आपणच दिलं."

त्या 'आपण'मुळे त्यांना जास्तच लागलं.

 मग बायको म्हणाली, "हेल्मेट घालताना बाबा कानातलं ऐकायचं मशीन काढून ठेवतात. दुखतं म्हणून." आणि ती नवऱ्याच्या पायांकडे पाहू लागली. "तुम्हाला कितपत धावता येतं?"

रविवारी सासरेबुवा आले, त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं, हेल्मेट चढवलं आणि चाचपत मुलीच्या मागे बसले. बायकोने किक मारल्यासारखं केलं. हेडक्लार्कांनी मागचं कॅरियर धरून गदगदा हलवलं. गाडी निघाली.

कानात मशीन नव्हतं, तरी सावधगिरी म्हणून ते तोंडाने फटफट आवाज काढत होते. कोपऱ्यावर शेजारच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "काय हो, बंद पडली का?" हेडक्लार्कांना उत्तर देता येईना, कारण ते इंजिन होते. त्यांनी मास्तरांकडे बघून नुसतंच फटफट केलं. मास्तर लगबगीने घरात गेले.

"दुसरा गिअर टाक!" सासरेबुवा ओरडले.

"दुसरा!" बायको मान वळवून ओरडली. हेडक्लार्कांनी वेग वाढवला.

"वा! आता तिसरा!"

तिसऱ्यात त्यांची चप्पल गेली. चौथा पडायच्या आत चढ लागला म्हणून जीव वाचला, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग तो चढ खरोखर पायांना लागला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडची फटफट बंद पडली, पण पाय थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ते या गाडीच्या काहीतरी कामी येत होते.

फेरी पूर्ण झाली. गाडी फाटकापाशी थांबली. सासरेबुवा उतरले, त्यांनी हेल्मेट काढलं, मशीन कानात घातलं. मग वाकून, जुन्या सवयीने, इंजिनावर तळहात ठेवला.

इंजिन थंडगार होतं.

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. संपलं. आता ऑपरेशन गेलं, डोळे गेले, आणि सासुरवाडीत उरलीसुरली अब्रूही गेली. म्हाताऱ्याचा हात चाचपत पुढे आला आणि त्यांच्या पाठीवर थांबला. सदरा घामाने निथळत होता आणि पाठ धगधगत होती.

"चढावर तुमचं इंजिन 'आई गं' म्हणतं, जावईबापू," सासरेबुवा म्हणाले. "मशीन काढलं म्हणून अगदीच बहिरा नाही मी."

"बाबा, चुकलं आमचं," बायको रडवेली होऊन म्हणाली. "पण म्हणून ऑपरेशन नको म्हणू नका हो."

"नको कोण म्हणतंय? उद्या सकाळी लवकर निघू. आणि डॉक्टरांना विचार, दोन्ही डोळे एकदमच करतात का."

"एकदम? एवढी कसली घाई, बाबा?"

"घाई नको?" म्हातारबुवा म्हणाले. "हे गृहस्थ उद्या पुन्हा गाडीला हात लावतील, तेव्हा मला दिसायला नको?"