आईचा पाठांतरविरोधी तास

आईच्या पीएच.डी.चा विषय होता ‘पाठांतराशिवाय शिकवणं’, आणि तिच्यासाठी आख्खं घर सकाळपासून पाठांतर करत होतं.

झालं असं, की आईच्या मार्गदर्शक सरांनी ऑनलाइन नमुना-तास मागितला. विद्यार्थ्यांनी आपणहून प्रश्न विचारले तर विषय मंजूर. नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. आईच्या शाळेला नेमकी सुट्टी. म्हणून सोफ्यावर बसले बाबा, आत्या आणि नववीतली लेक. आई तासाला वाफ शिकवणार होती, म्हणून तिला पत्ता न लागू देता लेकीने सगळ्यांना वाफेवरचे प्रश्न पढवले. “तिचा पचका झाला तर बघा हं!”

आत्या फणकारली, “या वयात कशाला हवी वहिनीला पदवी? मी नाही काही पाठबिठ करणार!”

तेवढ्यात लॅपटॉपवर सर प्रकटले. “वाफ नको, मॅडम. सगळे वाफच घेतात. सावली शिकवा.”

लेकीने प्रश्नांचा कागद सोफ्याखाली सरकवला. आईने मात्र टेबलावरचा दिवा लावला, पुढ्यात पेला ठेवला. “बघा बरं, काय दिसतंय?”

बाबांचा हात वर. “बाई, झाकण का उडतं?”

“कशाचं?” सरांनी विचारलं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे.

“सावलीचं,” बाबा म्हणाले.

“मॅडम, हे तर घोकून आलेत! विषय बाद.”

आईचे कान लाल झाले. “बाद कसा, सर? घोकलेलं कसं तोंडावर आपटतं, ते आमच्या ह्यांनी आत्ताच दाखवलं की! मी तास थांबवणार नाही.”

“पण वहिनी,” आत्या मध्येच म्हणाली, “पेला एक आणि सावल्या दोन, असं कसं?”

“सांगणार नाही.”

“सांगायचं नाही तर शिकवतेस कशाला?” आत्या तणतणत उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढला. एक सावली गायब! पडदा उघडला. सावली हजर! “अगंबाई!” मग तिने दिवा उचलून बाबांच्या डोक्यामागे धरला.

“वेळ संपली,” सर म्हणाले.

“तुमची संपली असेल! माझं अजून व्हायचंय,” आत्या कडाडली.

लॅपटॉपमधून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. सरांनी आपला टेबललॅम्प जवळ ओढला होता आणि पुढ्यात कप ठेवून ते वाकून बघत होते.

“विषय मंजूर, मंजूर,” ते मान वर न करताच म्हणाले. मग त्यांनी चक्क हात वर केला. “पण बाई, माझ्याकडे तीन पडल्यात. का हो?”

आईने हाताची घडी घातली.

“तुम्हीच शोधा.”